बर्फाखालचे दगडफूल आणि सामींचे ताट



घरी गोडा मसाला करताना आई किंवा आजी त्यात एक काळपट, सुरकुतलेला, कागदाच्या कपट्यासारखा पदार्थ टाकते. त्याचे नाव दगडफूल. नावात फूल असले तरी ते फूल नव्हे. दगडाशी त्याचा संबंध एवढाच, की ते दगडांवर आणि झाडांच्या सालीवर वाढते. शास्त्रात अशा सजीवांना शैवाक म्हणतात. शैवाक म्हणजे एक जीव नसून दोन जीवांचा संसार असतो. त्यातले शैवल सूर्यप्रकाशात अन्न तयार करते आणि कवक त्याला आसरा व ओलावा देते. त्याला मुळे नसतात. हवा, पाऊस आणि ऊन यांवरच त्याचे भागते.

आपण हे शैवाक मसाल्यात चिमूटभर वापरतो. परंतु युरोपच्या अगदी उत्तर टोकाला एक समाज असा आहे, की ज्याचे हिवाळ्यातले जेवण शेकडो वर्षे शैवाकाच्या आधारावर उभे राहिले. गंमत अशी, की ही माणसे स्वतः शैवाक खात नाहीत! मग हे कसे घडते? मी शिकवतो पदार्थविज्ञान. स्वयंपाक हा काही माझा विषय नव्हे. पण या लोकांच्या स्वयंपाकात बाष्पदाब आहे, गुप्त उष्णता आहे, वितळणबिंदू आहे आणि शेवटी किरणोत्सारसुद्धा आहे. म्हणून आज आपण त्यांच्या ताटाकडे जरा निरखून पाहू या.

सामी कोण आणि कोठले?

नॉर्वे, स्वीडन व फिनलंड या देशांचा उत्तर भाग आणि रशियातील कोला द्वीपकल्प मिळून जो प्रदेश होतो, त्याला तेथील मूळ रहिवासी ‘साप्मी’ म्हणतात आणि स्वतःला ‘सामी’. जुन्या पुस्तकांत त्यांचा उल्लेख ‘लॅप’ असा आढळतो. ते नाव इतरांनी दिलेले आहे आणि सामींना ते अपमानकारक वाटते, म्हणून आपण ते वापरायचे नाही. त्यांची संख्या ८० हजार ते एक लाख असावी असा अंदाज आहे. त्यातले निम्म्याहून अधिक नॉर्वेत राहतात.

सगळेच सामी रेनडियर पाळतात असेही नाही. समुद्रकाठचे सामी पूर्वापार मासेमारी करत आले. आज पुष्कळ जण शहरात नोकरी करतात. रेनडियरचे कळप सांभाळणारी कुटुंबे संख्येने थोडीच आहेत, परंतु सामींची भाषा, कपडे, गाणी आणि जेवण यांच्या केंद्रस्थानी हा प्राणी आहे.

सूर्याचा हिशेब

आपल्या ताटात भात, पोळी, भाकरी, वरण असते. म्हणजे बहुतेक सगळे बियाच! बी तयार व्हायला झाडाला पुरेसे दिवस ऊन आणि ऊब मिळावी लागते. साप्मीत ती किती मिळते?

भूगोलातले एक साधे सूत्र आठवा. २१ जूनला भरदुपारी सूर्याची उंची काढायची, तर ९० अंशांतून त्या ठिकाणचा अक्षांश वजा करायचा आणि २३.५ मिळवायचे. २२ डिसेंबरसाठी २३.५ मिळवण्याऐवजी वजा करायचे. (हे सूत्र कर्कवृत्ताच्या उत्तरेकडील ठिकाणांसाठी आहे.) नॉर्वेतील कौतोकेइनो हे सामींचे प्रसिद्ध गाव ६९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. जूनमध्ये तेथे दुपारचा सूर्य ९० − ६९ + २३.५ म्हणजे ४४.५ अंश उंचीवर असतो. मध्यरात्रीही तो क्षितिजाच्या अडीच अंश वर असतो, म्हणजे मावळतच नाही. डिसेंबरमध्ये मात्र भरदुपारी उत्तर येते उणे २.५ अंश. सूर्य क्षितिजाखालीच राहतो! कित्येक आठवडे तो उगवतच नाही.

थंडीचे तर विचारूच नका. नॉर्वेत आजवर नोंदलेले सर्वांत कमी तापमान, उणे ५१.४ अंश सेल्सिअस, हे या भागातल्या कारास्योक गावी १ जानेवारी १८८६ रोजी मोजले गेले. जेथे उन्हाळा इतका आखूड, तेथे धान्य पिकवून पोट भरणे शक्य नव्हते. पीठ, मीठ यांसारख्या वस्तू सामी व्यापारातून मिळवत. स्वीडनमधील योकमोक गावी १६०५ सालापासून भरत आलेला हिवाळी बाजार आजही दर फेब्रुवारीत भरतो.

थोडक्यात, सूर्याची वर्षभराची ऊर्जा त्या भूमीवर दोन-तीन महिन्यांत उतरते आणि उरलेले वर्ष ती पुरवून वापरावी लागते. सामींचे सगळे अन्न म्हणजे ही ऊर्जा साठवण्याच्या युक्त्या आहेत.

आपण खाऊ शकत नाही ते कोण खातो?

त्या जमिनीवर धान्य नसले तरी शैवाक भरपूर असते. फिकट राखाडी, पोवळ्यासारख्या फांद्यांचे हे शैवाक जमिनीवर गादीसारखे पसरते. वर्षाला जेमतेम तीन ते पाच मिलिमीटर वाढते. त्यात कर्बोदके पुष्कळ असतात, पण ती आपल्या उपयोगाची नाहीत. तांदळातले पिष्ट आणि शैवाकातले ‘लायकेनिन’ ही दोन्ही ग्लुकोजच्याच साखळ्या आहेत. फरक आहे तो साखळीतल्या कड्या एकमेकींना कशा जोडल्या आहेत यात. पिष्टातला जोड तोडणारे विकर आपल्या लाळेत व आतड्यात आहे. लायकेनिनमधला जोड तोडणारे विकर आपल्याजवळ नाही. कुलूप तेच, किल्ली वेगळी!

ही किल्ली रेनडियरच्या पोटात राहणाऱ्या सूक्ष्मजीवांजवळ असते. गाईप्रमाणे रेनडियरही रवंथ करतो आणि त्याच्या पोटाच्या मोठ्या कप्प्यात कोट्यवधी सूक्ष्मजीव शैवाक आंबवून त्यातली ऊर्जा मोकळी करतात. शैवाकात प्रथिने फारच कमी असतात. त्यावरही तोड आहे. इतर प्राणी जो युरिया लघवीवाटे टाकून देतात, त्यातला बराचसा रेनडियर हिवाळ्यात पुन्हा पोटाकडे वळवतो आणि तेथले सूक्ष्मजीव त्यातल्या नायट्रोजनपासून नवी प्रथिने घडवतात.

बर्फाखाली दडलेले शैवाक रेनडियर वासाने हुडकतो आणि पुढच्या खुरांनी बर्फ उकरून खातो. म्हणजे बघा, माणसाला न पचणारे शैवाक रेनडियर खातो आणि माणसासाठी त्याचे मांस, दूध, रक्त व चरबी तयार होते. ऊन, शैवाक, रेनडियर आणि माणूस अशी ही अन्नसाखळी आहे. किती आखूड! या आखूडपणाचे फायदे आहेत आणि धोकेही. ते पुढे पाहू.

आठ ऋतूंचे वर्ष

आपण सहा ऋतू मानतो, सामी आठ मानतात. चार मुख्य ऋतूंच्या मध्ये वसंत-हिवाळा, वसंत-उन्हाळा, शरद-उन्हाळा आणि शरद-हिवाळा असे चार जोडऋतू असतात. ही विभागणी कळपाच्या चालीवरून आणि ताटात काय येते यावरून पडली आहे.

उन्हाळ्यात रेनडियर हिरवा पाला खाऊन पुष्ट होतो. सप्टेंबरमध्ये नर सर्वांत चरबीदार असतात, तेव्हा ठरावीक नर कापले जातात. त्या जनावराचा कोणताही भाग वाया जात नाही. रक्तात पीठ मिसळून गोळे उकडतात. हाडे उकळून त्यातली मज्जा खातात. जीभ, यकृत, हृदय सारे वापरले जाते. मांस मंद आचेवर तासन् तास शिजवून ‘बिदोस’ नावाचा रस्सा करतात. आजही लग्नकार्यात बिदोस असतोच. त्यात बटाटा व गाजर पडते, पण ही भर पुढल्या काळातली.

पूर्वी रेनडियरची मादी दुभतीही असे. ती दूध देई पेलाभरच, पण ते किती घट्ट! गाईच्या दुधात सुमारे ४ टक्के आणि म्हशीच्या दुधात सुमारे ७ टक्के स्निग्धांश असतो, तर रेनडियरच्या दुधात तो १५ ते २० टक्क्यांपर्यंत जातो. थंडीत वाढणाऱ्या पाडसाला निसर्गाने दिलेले हे इंधन आहे. या दुधाचे चीज करत. दूध काढण्याची चाल विसाव्या शतकात जवळजवळ थांबली, परंतु गरम कॉफीत चीजचे तुकडे टाकून खाण्याची आवड अजून टिकून आहे.

झाडांकडूनही अन्न मिळे. जून-जुलैत पाइन वृक्षात रस चढतो, तेव्हा खोडाच्या बाहेरच्या सालीखालचा मऊ थर सोलून काढत, जमिनीत खड्डा करून त्यावर आग पेटवून तो भाजत आणि वाळवून ठेवत. यात एक नियम काटेकोरपणे पाळला जाई. साल झाडाच्या एकाच बाजूने काढायची, सगळीकडून कधीच नाही. तुम्हांला ठाऊक आहे, की पानांत तयार झालेले अन्न सालीच्या आतल्या थरातून मुळांकडे जाते. चहूबाजूंनी साल काढली तर झाड मरते. एक पट्टी ठेवली तर ते शेकडो वर्षे जगते. स्वीडनच्या उत्तरेकडील जुन्या वृक्षांवर आणि दलदलीत गाडल्या गेलेल्या खोडांवर असे व्रण सापडले आहेत. त्यांवरून ही रीत सुमारे तीन हजार वर्षांपासूनची असल्याचे दिसते.

थंडीतले वाळवण

आता माझ्या विषयाकडे वळतो. सामींच्या शिदोरीतला सर्वांत महत्त्वाचा पदार्थ म्हणजे ‘गोइकेबिएर्गु’, अर्थात वाळवलेले मांस. मार्च-एप्रिलच्या सुमारास, म्हणजे वसंत-हिवाळ्यात, किंचित मीठ लावलेले मांस घराबाहेर उंचावर टांगून ठेवतात. तेव्हा बाहेर तापमान बहुधा शून्याखाली असते. प्रश्न असा, की ऊब नसताना मांस वाळते कसे? आपण तर पापड-कुरडयांसाठी वैशाखातले कडक ऊन गाठतो!

वाळणे म्हणजे पाण्याचे रेणू पदार्थातून हवेत जाणे. ते कशावर अवलंबून असते? नुसत्या तापमानावर नव्हे, तर पदार्थाच्या पृष्ठभागावरचा बाष्पदाब आणि हवेतला बाष्पदाब यांतील फरकावर. ढोबळ हिशेब करू या.

समजा हवा उणे १० अंशांवर आहे. या तापमानाला संपृक्त बाष्पदाब पाऱ्याच्या सुमारे २ मिलिमीटर असतो. सापेक्ष आर्द्रता ६० टक्के धरली, तर हवेतला प्रत्यक्ष बाष्पदाब १.२ मिलिमीटर झाला. मांसाचा रंग गडद असल्याने ते ऊन शोषून घेते. शिवाय खालचा पांढराशुभ्र बर्फ बरेचसे ऊन परावर्तित करतो, तेही मांसावर पडते. त्यामुळे हवा उणे १० अंशांवर असली तरी मांसाचा पृष्ठभाग शून्याच्या जवळ येऊ शकतो. शून्य अंशाला संपृक्त बाष्पदाब ४.६ मिलिमीटर असतो. म्हणजे फरक झाला ४.६ − १.२ = ३.४ मिलिमीटर.

आता आपल्याकडचा श्रावणातला दिवस घ्या. तापमान २७ अंश, आर्द्रता ९० टक्के. २७ अंशांना संपृक्त बाष्पदाब सुमारे २६.७ मिलिमीटर, त्याचे ९० टक्के म्हणजे सुमारे २४. दोरीवरचे कपडे हवेइतकेच गरम धरले, तर फरक फक्त २.७ मिलिमीटर! म्हणजे उणे १० अंशांच्या हवेत मांस वाळवणे हे आपल्या श्रावणात कपडे वाळवण्यापेक्षा सोपे आहे. आश्चर्य वाटले ना? आकडे खोटे बोलत नाहीत.

रात्री तापमान आणखी उतरले की मांसातले पाणी गोठते. तरीही वाळणे पूर्ण थांबत नाही, कारण बर्फाची सरळ वाफ होऊ शकते. यालाच आपण संप्लवन म्हणतो. गोठताना बर्फाच्या स्फटिकांनी पेशींची पटले फाटतात आणि दुसऱ्या दिवशी आतले पाणी अधिक सहज बाहेर येते. वारा पृष्ठभागाजवळची दमट हवा सतत दूर नेतो. आणि सर्वांत मोठा फायदा हा, की त्या थंडीत माश्या नसतात व जंतूंची वाढ मंद असते. मांस सडण्याआधीच वाळते. नेमके हेच दिवस का निवडायचे, ते आता लक्षात येईल. डिसेंबरात ऊन नाही, जुलैत माश्या आहेत. ऊन आणि थंडी दोन्ही एकत्र मिळतात ती याच काळात.

ताज्या मांसाच्या वजनात ७० ते ७५ टक्के पाणी असते. तीन किलो मांस वाळून साधारण एक किलो उरते. कळपामागे डोंगर ओलांडणाऱ्या माणसाला पाठीवर पाणी वाहण्यात काय लाभ? वाळलेल्या मांसाचे पातळ काप खिशात असले म्हणजे दिवस निघतो.

दुसरी रीत धुराची. मीठ लावलेले मांस ‘लाव्वु’ या शंकूच्या आकाराच्या तंबूत आगीच्या वर टांगतात. याला ‘सुओवास’ म्हणतात. धुरातील फिनॉल वर्गाची संयुगे, आम्ले आणि फॉर्माल्डिहाइड यांमुळे मांसाच्या पृष्ठभागावर जंतू वाढत नाहीत. वर उठणाऱ्या गरम हवेबरोबर धूर तंबूच्या टोकातल्या झरोक्याकडे जातो, त्याच वाटेत मांस टांगलेले असते.

खोबरेल तेल आणि खुराकडची मज्जा

रेनडियरचे मांस चरबीच्या दृष्टीने कोरडे असते. एक ग्रॅम प्रथिनातून सुमारे ४ किलोकॅलरी मिळतात, तर एक ग्रॅम चरबीतून ९. केवळ चरबीविरहित मांस खाऊन माणूस थंडीत तग धरू शकत नाही. म्हणून मज्जेला फार मान.

या मज्जेतही एक नवल आहे. रेनडियरच्या धडाचे तापमान ३८ अंशांच्या आसपास असते, पण बर्फात उभ्या असलेल्या पायांची खालची टोके दहा अंशांपर्यंत थंड होतात. खाली जाणाऱ्या धमनीतली उष्णता शेजारून वर येणाऱ्या शिरेतल्या रक्ताला मिळते. त्यामुळे ती शरीराबाहेर वाया जात नाही. पण मग खुराजवळची चरबी थिजून दगड का होत नाही?

हिवाळ्यात तुमच्या घरी खोबरेल तेलाची बाटली थिजते, शेंगदाण्याचे तेल मात्र पातळ राहते. खोबरेल तेलात संपृक्त मेदाम्ले अधिक असतात, शेंगदाण्याच्या तेलात असंपृक्त. असंपृक्त मेदाम्लाची साखळी मध्येच वाकलेली असते, त्यामुळे रेणू एकमेकांना चिकटून नीट रचले जात नाहीत आणि वितळणबिंदू खाली येतो. रेनडियरच्या पायाच्या हाडांत वरून खाली जाऊ लागलो, की असंपृक्त मेदाम्लांचे प्रमाण वाढत जाते. मांडीकडची मज्जा घट्ट तर खुराकडची मऊ. एकाच पायात जणू दोन तेलाच्या बाटल्या!

हिरव्या भाजीवाचून जीवनसत्त्व

लांब समुद्रप्रवासात पूर्वी खलाशांना स्कर्व्ही होई, कारण त्यांना जीवनसत्त्व क मिळत नसे. सामींनी या प्रश्नाची उत्तरे आपल्या परिसरातच शोधली. आपल्या चुक्याच्या भाजीच्याच कुळातली एक आंबट वनस्पती आणि कोथिंबीर-गाजराच्या कुळातली अँजेलिका या वनस्पती गोळा करून, शिजवून दुधात कालवत आणि हिवाळ्यासाठी साठवत.

दलदलीत उगवणारी ‘क्लाउडबेरी’ हे तर त्यांचे लाडके फळ. नारिंगी-पिवळे, रासबेरीच्या जातीचे हे फळ एका देठावर एकच येते. त्यात जीवनसत्त्व क भरपूर असते आणि ते साखरेशिवायही महिनोन् महिने टिकते. याचे कारण त्यातले बेन्झॉइक आम्ल. तुम्ही सरबताच्या बाटलीवरचे लेबल वाचले असेल, तर त्यावर सोडियम बेन्झोएट हे नाव दिसले असेल. ते याच आम्लाचे लवण आहे. आपण बाटलीत बाहेरून घालतो ते परिरक्षक या फळात निसर्गतःच असते.

राहिले जीवनसत्त्व ड. ते कातडीत तयार व्हायला ऊन हवे आणि हिवाळ्यात ऊन नाही. ती उणीव सरोवरांतले चरबीदार मासे आणि समुद्रातल्या कॉड माशाचे यकृत भरून काढतात.

अन्न ठेवायलाही खास कोठी असे. एकाच उंच खांबावर लाकडी खोके उभारायचे. त्याला ‘न्याल्ला’ म्हणतात. अस्वल आणि वुल्व्हरिन हा चोरटा प्राणी यांपासून बचाव होई आणि भोवतालची थंडी कोठी सांभाळी. वीज न लागणारे शीतकपाटच ते!

पाऊस पडला तर उपास

आतापर्यंत तुमच्या ध्यानात आले असेल, की या साऱ्या व्यवस्थेत थंडी हा शत्रू नसून साठवणीचा आधार आहे. मग हिवाळा सौम्य झाला तर बरेच होईल, असे वाटते ना? प्रत्यक्षात उलटे घडते.

सामी भाषेत बर्फाच्या निरनिराळ्या अवस्थांसाठी पुष्कळ शब्द आहेत. तळाशी साखरेसारखा भुसभुशीत बर्फ असला तर तो ‘सेआङाश’. तो उकरायला सोपा. बर्फातून शैवाकापर्यंत पोहोचता येण्याची स्थिती म्हणजे ‘गुओह्तुन’. आणि जमिनीला घट्ट चिकटलेला कठीण बर्फाचा थर म्हणजे ‘चुओह्की’. हा शब्द ऐकला की कळपवाल्याच्या पोटात गोळा येतो.

चुओह्की कसा तयार होतो, त्याचे गणित मांडू. जमिनीवर ४० सेंटिमीटर जाडीचा भुसभुशीत बर्फ आहे. त्याची घनता दर घनमीटरला २०० किलो धरली, तर प्रत्येक चौरस मीटरवर ८० किलो बर्फ झाला. त्याचे सरासरी तापमान उणे ५ अंश मानू. बर्फाची विशिष्ट उष्णता ०.५. हा सगळा बर्फ शून्य अंशांपर्यंत तापवायला ८० × ०.५ × ५ म्हणजे २०० किलोकॅलरी लागतील. आता वरून पाऊस पडला. एक किलो पाणी गोठताना ८० किलोकॅलरी गुप्त उष्णता बाहेर टाकते. म्हणजे अवघे अडीच किलो पाणी गोठले, की या बर्फाची सारी थंडी संपली! एका चौरस मीटरवर अडीच किलो पाणी म्हणजे पाऊस किती? फक्त अडीच मिलिमीटर. याखेरीज थोडे पाणी बर्फाच्या कणांमध्ये अडकून राहील. पण १० मिलिमीटर पाऊस झाला, तर उरलेले पाणी झिरपत थेट जमिनीपर्यंत जाईल. दोन दिवसांनी थंडी परतली की तेथेच गोठून शैवाकावर काचेसारखी लादी बसेल.

मग रेनडियरच्या खुराने ती फुटत नाही, आणि खालचा वासही वर येत नाही. अन्न पायाखाली हातभर अंतरावर आणि जनावर उपाशी! अशा वाईट सालाला सामी ‘गोआव्वी’ म्हणतात. सायबेरियातील यामाल द्वीपकल्पात नेनेत्स या दुसऱ्या रेनडियरपालक समाजावर हाच प्रसंग आला. नोव्हेंबर २०१३ मध्ये तेथे बर्फावर पाऊस पडून गोठला आणि त्या हिवाळ्यात सुमारे ६१ हजार रेनडियर मेले.

असे पाऊस पूर्वीही पडत, पण क्वचित. १९७९ पासूनच्या नोंदींवरून २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार उत्तर ध्रुवीय प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापला आहे. हिवाळ्यातले तापमान शून्याची रेषा वारंवार ओलांडू लागले, की चुओह्कीही वारंवार येणार. अशा वेळी जुन्या जंगलांत झाडांवर दाढीसारखे लोंबणारे शैवाक हा कळपाचा अखेरचा आधार असतो. परंतु लाकडासाठी जुनी जंगले तोडली गेली. स्वीडनमध्ये शैवाकाने समृद्ध असलेल्या जंगलांचे क्षेत्र साठ वर्षांत ७१ टक्क्यांनी घटल्याचे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. आता पुष्कळ कळपांना ट्रकने चारा आणून घालावा लागतो. त्याला पैसा लागतो, आणि शैवाकाला सरावलेल्या पोटाला नवा चारा एकदम मानवत नाही.

अदृश्य पाहुणा

दुसरा घाला आकाशातून आला. २६ एप्रिल १९८६ रोजी सोव्हिएत संघातील चेर्नोबिल येथील अणुभट्टीत स्फोट झाला. किरणोत्सारी धूळ घेऊन ढग वायव्येकडे गेले आणि स्वीडन व नॉर्वेच्या काही भागांत त्यांचा पाऊस पडला. त्यात सीझियम-१३७ होते.

शैवाकाला मुळे नसतात, ते हवेतून व पावसातून जे मिळेल ते सगळे शोषते, हे आपण सुरुवातीलाच पाहिले. जो गुण त्याला खडकावर जगवतो, तोच येथे घातक ठरला. सीझियम हे मूलद्रव्य आवर्तसारणीत पोटॅशियमच्या गटात आहे. शरीर त्याला पोटॅशियमसारखेच वागवते आणि स्नायूंत साठवते. शैवाकातून ते रेनडियरच्या मांसात आले. साखळी आखूड असल्याने वाटेत कोठे गाळले गेले नाही.

बेकेरेल हे किरणोत्सार मोजण्याचे एकक आहे. सेकंदाला एका अणूचे विघटन म्हणजे एक बेकेरेल. स्वीडनने मांसासाठी किलोला ३०० बेकेरेल ही मर्यादा ठरवली. हजारो रेनडियर कापले गेले आणि त्यांचे मांस खाण्यास अयोग्य म्हणून फेकून द्यावे लागले. ज्या समाजात हाडसुद्धा वाया घालवत नाहीत, तेथे लोकांनी स्वतःच्या कळपाचे मांस खड्ड्यात टाकलेले पाहिले. ते दिसायला तेच होते, वासाला तेच, चवीला तेच. आईने वाढलेले अन्न खावे की नाही, हे आता यंत्राला विचारायचे! पुढे १९८७ मध्ये स्वीडनने रेनडियरच्या मांसाची मर्यादा १५०० केली. नॉर्वेने तर आधीच, नोव्हेंबर १९८६ मध्ये, ती ६००० केली होती. मर्यादा इतकीच कडक ठेवली तर रेनडियरपालनच बंद पडेल, हे त्यामागचे एक कारण होते.

उपायही विज्ञानानेच दाखवला. सीझियम-१३७ चा अर्धायुकाल ३० वर्षांचा. १९८६ मध्ये पडलेल्यापैकी निम्मे २०१६ मध्येही शिल्लक होते. पण जिवंत प्राणी ते लघवी-शेणावाटे बाहेर टाकत असतो. रेनडियरच्या शरीरातले सीझियम साधारण तीन आठवड्यांत निम्मे होते. याला जैविक अर्धायुकाल म्हणतात. समजा मांसात किलोला ८००० बेकेरेल आहेत. शैवाक बंद करून नऊ आठवडे स्वच्छ चारा घातला, तर तीन वेळा निम्मे होऊन १००० उरतील. याखेरीज ‘प्रशियन ब्लू’ हा निळा रंगद्रव्याचा पदार्थ मिठाच्या चाटण्यातून किंवा गोळीतून दिला गेला. तो पोटातच सीझियमला धरून ठेवतो. काही ठिकाणी जनावरे हिवाळी शैवाक खाऊ लागण्यापूर्वीच कापली जाऊ लागली. म्हणजे अणुभट्टीच्या स्फोटामुळे दूरवरच्या एका समाजाचे ऋतुचक्रच बदलले.

मित्रांनो, १७३२ साली पंचवीस वर्षांचा कार्ल लिनीअस या प्रदेशात हिंडला आणि सामींची झाडे, जनावरे व जेवण यांची टिपणे त्याने घरी नेली. पुढे तो जगप्रसिद्ध वनस्पतिशास्त्रज्ञ झाला. त्याला ज्यांनी वाट दाखवली, त्यांनी बाष्पदाबाचे कोष्टक पाहिले नव्हते. पण मांस कोणत्या दिवसांत टांगावे, झाडाची कोणती पट्टी सोडावी, पायाखालचा बर्फ कोणत्या जातीचा आहे, हे त्यांना अचूक ठाऊक होते. ते ज्ञान वापरायला वसंत-हिवाळ्याची कोरडी थंडी आणि भुसभुशीत बर्फ लागतो. थंडीच गेली, तर ते शब्द आणि त्या रीती कशाला लावायच्या, हा आजच्या सामी मुलांपुढचा प्रश्न आहे.

करून पाहा

१. शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यात एका उघड्या वाटीत बर्फाचे दोन-तीन खडे ठेवा. आरंभी त्यांचे वजन करा आणि चार आठवडे दर आठवड्याला करा. वजन कमी झाले का? बर्फ वितळलेला नसताना पाणी कोठे गेले?

२. खोबरेल तेल आणि शेंगदाण्याचे तेल दोन लहान बाटल्यांत घेऊन थंड पाण्याच्या भांड्यात ठेवा. पाण्यात थोडाथोडा बर्फ घालत जा आणि कोणते तेल कोणत्या तापमानाला थिजू लागते, ते तापमापकाने पाहा.

३. वरच्या उदाहरणात बर्फाची जाडी ६० सेंटिमीटर आणि सरासरी तापमान उणे १० अंश धरले, तर किती मिलिमीटर पावसाने त्याची थंडी संपेल? उत्तर काढल्यावर विचार करा: कळपाला जास्त धोका कोणत्या हिवाळ्यात, कडक की सौम्य?